दाजींचा डावा कान

केंद्रीय कृषिमंत्री ईश्वरराव भोरजे, म्हणजे आमचे दाजी, यांची स्मरणशक्ती अफाट आहे, असं वर्तमानपत्रं छापायची तेव्हा मला हसू यायचं. ती स्मरणशक्ती माझी होती. चौतीस वर्षं मी त्यांचा स्वीय सहायक होतो आणि माझी जागा ठरलेली होती, त्यांच्या डाव्या खांद्याच्या मागे अर्ध्या पावलावर. समोरून माणूस येताना दिसला की तो दहा पावलांवर असतानाच मी त्यांच्या कानात सांगायचो. नाव, गाव आणि एक गोष्ट. ‘बबन, खालच्या आळीचा, म्हैस मेली.’ की दाजी दोन्ही हात पसरून म्हणायचे, “काय रे बबन, दुसरी म्हैस घेतलीस की नाही?” बबन जागच्या जागी विरघळायचा. पुढची पाच वर्षं त्याचं मत कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नसे.

एवढ्या एका गोष्टीवर दाजी ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत गेले, सभापती झाले, तीनदा आमदार झाले, मग खासदार आणि शेवटी दिल्लीत कृषिमंत्री. भाषण त्यांना कधीच जमलं नाही. संसदेत आकडे वाचताना कपाळाला घाम यायचा. पण पंजाबातला गहूवाला असो की आंध्रातला मिरचीवाला, दाजी त्याच्या मुलाची परीक्षा विचारत. विरोधक म्हणायचे, हा मंत्री कसला, गावजेवणातला वाढपी आहे, कुणाच्या पानात काय कमी ते बरोबर कळतं. दाजींना ते इतकं आवडलं की पुढे ते स्वतःच सभेत सांगायला लागले.

मला कुणी विचारलं नाही, तुझ्या पानात काय कमी आहे. असो. माझा राग हा माझा राग आहे, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

आता दाजी चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात मुलीकडे राहतात. मतदारसंघ राखीव झाला, पक्ष फुटला, गावचं घर पुतण्याने गिळलं. गूळ संपल्यावर मुंगळे कशाला थांबतील? जिचा एकही वाढदिवस बापाने कधी पाळला नाही ती संचिताच शेवटी त्यांना घेऊन आली. मीही निवृत्तीनंतर जवळच घर घेतलं होतं. तेव्हा लोकांना सांगायचो की इथे हवा चांगली आहे. खरं म्हणजे दाजींपासून लांब राहायची मला सवयच नव्हती.

तीन वर्षांपूर्वी दाजींचं डोकं हळूहळू जायला लागलं. कुठलं साल आहे ते कळेना, संचिता कोण ते कधी कळे, कधी कळेना. पण सकाळी नऊ वाजले की जाकीट घालून सोफ्यावर बसायचे आणि विचारायचे, “माणसं आलीत का?” माणसं भेटल्याशिवाय ते घास घेत नसत. मंत्रिपदाच्या काळातही तसंच होतं, आधी लोक, मग नाश्ता. संचिता हात टेकून मला म्हणाली, “सुभाषकाका, तुम्हीच काहीतरी करा.”

म्हणून मी दरबार सुरू केला. हॉलमध्ये चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, रिकाम्या. मी माझी जागा घ्यायची आणि जुन्या वह्यांमधली नावं दाजींच्या डाव्या कानात सांगायची. मग दाजी रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायचे. कुणाच्या बोअरवेलची चौकशी, कुणाच्या पोरीचं लग्न. तासाभरात वीसेक माणसं भेटायची आणि दाजी पेजभात खायचे. इमारतीचा वॉचमन मला बघून रोज हसायचा, “क्या साहब, मंत्रीजी का दरबार चालू है?” मी म्हणायचो, “चालू है, आपका कुछ काम है क्या?” गंमतच होती एक प्रकारची.

माझ्या वह्यांत एक नाव मी कधी वाचत नसे. पान होतं, नाव होतं, पण मी ते उलटून पुढे जायचो.

यंदाच्या मे महिन्यात एका सकाळी मी तिसऱ्या खुर्चीवर कुणालातरी बसवत होतो, तेव्हा दाजींनी हात वर करून मला थांबवलं. ते दाराकडे बघत होते. “सदू,” ते म्हणाले, “बाहेर का बसलास रे? आत ये. थंडी आहे.”

बाहेर पस्तीस डिग्री ऊन होतं. सदू हे नाव मी सांगितलेलं नव्हतं. तेच ते पान होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दाजी खुर्च्यांकडे बघेनात, मी सांगितलेल्या नावांना उत्तर देईनात, फक्त दाराकडे बघत बसले. “तो बाहेर आहे तोवर मी कसा जेवू?” म्हणाले आणि ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि संचिताला दिली, त्याला नेऊन दे म्हणाले. बिचारी संचिता, तिने बापाच्या समाधानासाठी ती दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर शाल तिथेच होती, पण नीट चौघडी घालून. आमच्या खोऱ्यातली माणसं घोंगडीची घालतात तशी, कडा आत घेऊन. कचरा नेणाऱ्या बाईने घडी घातली असेल, असं संचिता म्हणाली. असेल. मी त्या बाईला विचारलं नाही. तिने नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होतो?

“काका, कोण आहे हा सदू?” संचिताने विचारलं. “बोलवा ना त्याला एकदा. पप्पा पाच दिवस काही खात नाहीयेत. डॉक्टर म्हणतायत, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.”

“सदू वारला,” मी म्हणालो. “चौदा वर्षं झाली.”

“मग त्याचं कुणी असेल ना घरचं?”

होतं. शेवंती, सदूची बायको. ती भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहते आणि एका पोळीभाजी केंद्रासाठी भाकऱ्या थापते, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. एकदा बाजारात दिसली होती, तेव्हा मी भाजी न घेता उलट्या पावली परतलो होतो. चौदा वर्षांपूर्वी मी तिच्याशी एका गोष्टीत खोटं बोललो होतो, आणि त्या खोट्यावर तिने पुढचं सगळं आयुष्य रेटलं होतं. तिला दाजींसमोर आणून बसवायचं म्हणजे ते खोटं उघडं पडण्याची भीती. न आणावं तर दाजी उपाशी मरणार. कुठूनही गेलो तरी रस्ता माझ्याच दारात येत होता.

झालं होतं ते असं. त्या वर्षी दाजींच्या खात्याने एका नवीन संकरित भाताचं बियाणं सगळ्या कोकणपट्टीत वाटलं. आमच्या खोऱ्यात दाजींनी स्वतः जाऊन वाटलं, आपल्या हाताने पिशव्या दिल्या. रोपं तरारली, लोंब्या आल्या आणि कापणीला बघितलं तर निम्म्याहून जास्त पळींज. दाणाच नाही, नुसती पोकळ टरफलं. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. अधिवेशन तोंडावर होतं. अशा वेळी मंत्रालयात एक पद्धत असते, ती कुठेच लिहिलेली नसते. मंत्र्याला जे कळवलं गेलं नाही ते मंत्र्याला माहीत नसतं. आणि काय कळवायचं, ते माझ्या हातात होतं.

जानेवारीत सदू दिल्लीला आला. अंगात सुती सदरा, हाफ चड्डी, डोक्याला टोपी आणि खांद्यावर पेंढ्याने वळून बांधलेली भाताची एक लहानशी मुडी. आमच्याकडे पहाटे कौलांवर दव पडतं त्याला आम्ही थंडी म्हणतो. त्यामुळे दिल्लीला जाताना स्वेटर घ्यावा हे त्या खोऱ्यातल्या माणसाच्या डोक्यात यायचंच नाही. बंगल्याच्या दारावर येऊन त्याने माझं नाव सांगितलं. मी बाहेर गेलो, मुडी बघितली आणि समजलो की हा पळींज घेऊन आलाय, मंत्र्याच्या पुढ्यात ओतायला. फाटकाबाहेर टीव्हीवाले उभे होते. मी म्हणालो, दाजी दौऱ्यावर आहेत, ओडिशाला, तू परत जा. दाजी त्या वेळी आत होते, पहिल्या मजल्यावर.

सदू गेला नाही. समोरच्या झाडाखाली बसला. मी त्याला रोज चहा नेऊन देत होतो, हे सांगतो, कारण एवढंच मी केलं. तीन दिवस सकाळचं धुकं दुपारपर्यंत हटत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी शिपाई सांगत आला की तो माणूस उठत नाही. मी गाडीने दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तो न्यूमोनियाने गेला. ती मुडी मी बंगल्याच्या माळ्याला कचऱ्यात टाकायला लावली, उघडूनही बघितली नाही. मृतदेह घेऊन गावी मीच गेलो आणि शेवंतीला सांगितलं, “दाजी दौऱ्यावर होते गं. असते तर असं झालंच नसतं.” पंधरा दिवसांनी दाजी आले, मी कानात तिचं नाव सांगितलं, आणि ते तिला जवळ घेऊन लहान मुलासारखे रडले. तो फोटो सगळ्या पेपरांत आला. तरी पुढची निवडणूक गेलीच.

तर असा मी रिक्षा करून पुलावरून मोरव्याला गेलो.

शेवंतीने मला लगेच ओळखलं. “भाऊ, तुमी? बसा, बसा.” परातीतले हात पुसत तिने स्टूल पुढे केलं. मुलीच्या खोलीत राहत होती, दाराशी तव्याचा धूर. भिंतीवर सदूचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी पेपरातून कापून फ्रेम केलेला तो दुसरा फोटो, दाजींनी तिला जवळ घेतलेला. मला त्या फोटोखाली बसवलं.

मी सांगितलं, दाजी आजारी आहेत, सदूचं नाव घेतायत, तू येशील का.

तिचे डोळे भरून आले. “त्यांच्या अजून ध्यानात हाय? देवमाणूस. मी समद्यांना सांगते, दाजी घरी असते तर माजा माणूस जिता आला असता. माजी सासू मरेपर्यंत त्यांना शिव्या घालायची, पन मी न्हाय ऐकून घेतलं. नशीब आमचं, नेमके त्याच टायमाला ते दौऱ्याला गेलेले.” मग म्हणाली, “आनि ह्ये गेले व्हते ते पन त्यांच्यासाठीच.”

“म्हणजे?”

“ती मुडी घेऊन न्हाय का गेले? आमच्या माळ्यावर जुन्या पटणी भाताचं बियानं ऱ्हायलं व्हतं, सासऱ्याच्या येळचं. समदी वाडी दाजींच्या नावानं ओरडत व्हती. ह्ये म्हनाले, दाजींना झोप लागत नसंल, त्यांना दाखवून येतो की जुनं बियानं हाय अजून, पुढल्या साली ह्येच पेरू, तुमी घोर करू नका. ऐकतच न्हवते.”

चुलीवर भाकरी करपायला लागली तेव्हा तिने ती उलटली. पळींज नव्हतं. बियाणं होतं, आणि मी ते कचऱ्यात टाकायला लावलं होतं. त्याच वेळी मी खरं बोलायला हवं होतं, तिथे, त्या स्टुलावर. नाही बोललो. कोंबडं झाकून ठेवण्यात माझी हयात गेली होती, त्याने उजाडायचं राहतं असं मी समजत होतो. मी फक्त म्हणालो, “उद्या सकाळी नऊला रिक्षा पाठवतो.”

ती इस्त्रीचं लुगडं नेसून आली. सोबत डब्यात दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, दाजींना आवडते म्हणून. संचिताने तिला आत घेतलं, पाणी दिलं, तिसऱ्या खुर्चीवर बसवलं. दाजी दाराकडेच बघत होते. सहा दिवसांत त्यांच्या गालांची हाडं वर आली होती.

मी माझ्या जागेवर गेलो. अर्ध्या पावलावर, डाव्या खांद्याच्या मागे. वाकलो आणि पहिल्यांदा ते नाव घेतलं. “सदू. वरच्या वाडीचा. भेटायला आला होता. ही त्याची बायको, शेवंती.”

दाजींनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत सांगताना ते माझ्याकडे कधी बघत नसत, समोरच्याकडेच बघत. त्या दिवशी त्यांचे डोळे मंत्री असतानाच्या वेळचे होते, स्वच्छ.

“आत्ता सांगतोस होय?” ते म्हणाले. “मला कशाला सांगतोस? सदूच्या लग्नात अंतरपाट मी धरला होता. मी त्याला नाही ओळखणार? तीन दिवस खिडकीतून बघत होतो. पहिल्या दिवशी टोपी घातली होती. दुसऱ्या दिवशी टोपीवरून कानाला फडकं बांधलं होतं. तिसऱ्या दिवशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.”

मी विचारलं, “मग बोलावलं का नाहीत दाजी?”

“तू नाव सांगितलं नाहीस.” ते साधेपणाने म्हणाले. “आपली पद्धत होती ना तशी? अरे, मला सगळी नावं पाठ होती. बबन, बबनची म्हैस, सगळं. तुझ्याआधी मी दहा वर्षं पायी फिरलोय ते खोरं. पण तू सांगितलेलं नाव माझं आणि न सांगितलेलं नाव तुझं. त्याशिवाय माणूस दिल्लीपर्यंत पोचतो का? मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. तू सांगितलंच नाहीस बघ.”

चौतीस वर्षं मला वाटत होतं की त्यांचा मेंदू मी आहे. मी त्यांचा हातमोजा होतो.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. संचिता ताट धरून उभी होती, तिला अर्धं कळलं होतं, अर्धं नाही. शेवंतीने दाजींकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“म्हंजे दाजी घरात व्हते,” ती म्हणाली.

“होते.”

“तुमी म्हनालात ओडिशाला गेलेत.”

“खोटं बोललो, शेवंती. तो जिवंत असताना त्याच्याशी बोललो आणि तुझ्याशीही बोललो. आणि ती मुडी मी न उघडता फेकून दिली.”

तिने मान हलवली, जणू बाजारात कुणीतरी भाव सांगितला. बराच वेळ लुगड्याच्या पदराचं टोक बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं ती आता ओरडेल, तोंडात मारेल. तिने मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

“येक सांगा,” ती म्हणाली. “ह्यांना ठावं व्हतं? दाजी आत हायत, त्ये?”

हा प्रश्न ती विचारेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्याला काही माहीत नव्हतं, तो तुझ्यासारखाच समजत होता. त्या एका शब्दाने तिचं थोडं तरी शाबूत राहिलं असतं. पण दाजी समोर बसले होते, अंगावर जाकीट, चेहऱ्यावर कसलंही ओझं नाही, आणि मला एकदम किळस आली, त्यांची नव्हे, माझी. न सांगितलेलं सगळं माझ्याच नावावर पडणार होतं.

“ठाऊक होतं,” मी म्हणालो. “तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्याला ताप चढला होता. मला म्हणाला, ‘भाऊ, पडद्यामागं दाजी उभे हायत. मला दिसले. त्यांनी पन मला बघितलं. कामात असतील, त्यांना घाई करू नका. मी बसतो हितंच.’ मला वाटलं, तापात बरळतोय.”

शेवंती उठली. डबा तिने उचलून पिशवीत घातला. दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि मग भिंतीला हात लावून उभी राहिली.

“मग त्ये थंडीनं न्हाय मेले,” ती म्हणाली.

मी तिच्या मागे लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्टचं दार लागलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिथेच उभा होतो, तेवढ्यात मागून घरातून संचिताचा आवाज आला, आनंदाने पार फाटलेला.

“काका, लवकर या! पप्पा जेवतायत!”